मधलं नाव

विष्णुपुरीच्या कॉलेजातली पोरं महांतेशला एक प्रश्न हमखास विचारायची. "दादा, प्रोग्रामरला डिझाइन यावं लागतं का? कोर्स करू का त्याचा?"

त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "आपण गवंडी. रंगारी वेगळा असतो. भिंत ओळंब्यात पाहिजे. रंग कोणता का असंना."

पोरं हसायची. एका कोर्सचे पैसे वाचले म्हणून खूश होऊन जायची. मी तिथे असलो तर मीही हसायचो.

हाच प्रश्न पुढे त्याला एका चौकशी समितीने विचारला. तोवर एका बाईचा जीव गेला होता आणि दुसरीची नोकरी जायची होती.

महांतेश संगप्पा मलशेट्टे लातूरचा. गंजगोलाईतून निघणाऱ्या एका रस्त्यावर त्याच्या वडिलांचं काष्ठौषधीचं दुकान आहे. वडिलांना तो आप्पा म्हणतो. दुकानात भिंतभर लाकडी खण आहेत. सगळे एकसारखे, एकावरही नाव नाही. गिऱ्हाइकाने हिरडा मागितला की आप्पा मागे न बघता हात नेतात आणि हिरड्याचाच खण उघडतात. वरच्या रांगेतल्या एकाच खणाच्या मुठीला सुतळीची गाठ मारलेली असे. महांतेश ती लहानपणापासून बघत होता. ती का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

तो इंजिनिअरिंगला नांदेडजवळ विष्णुपुरीला आला. मी मुदखेडचा, नांदेडला मराठीत एम.ए. करत होतो. एका ओळखीच्या माणसाने आम्हाला एक खोली मिळवून दिली. पुढे मी तासिकेवर शिकवायला लागलो, तसा तो मला मास्तर म्हणू लागला. खोली तीच राहिली.

सकाळी अंघोळ, पाच मिनिटं लिंगपूजा, कपाळाला विभूती आणि लगेच लॅपटॉप. घरून एसटीच्या पार्सलने ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायची. तीच दोन वेळा. कामात चूक सापडली तर ती निघेपर्यंत तो जेवत नसे. "पोट भरलं की चूक लपती," असं म्हणायचा. मी ते खरं मानत नसे, पण त्याचं ताट झाकून ठेवत असे.

नोकरी नांदेडातच लागली. रामलिंग सरांची छोटी कंपनी, आठ माणसं, खाली टायरचं दुकान. डिझाइन करणारं कुणी नव्हतं. रंग आणि बोधचिन्ह चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडून करून घ्यायचे. बाकी सगळं महांतेश.

कंपनीला एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम मिळालं. दीडशे खाटांचा दवाखाना. जाड रजिस्टरं जाऊन तिथे टॅबलेट येणार होते. नर्सने पेशंटचं नाव टाकायचं, खाली यादी येणार, त्यातल्या नावावर बोट ठेवायचं, फाइल उघडणार. मागचं सगळं त्या फाइलीत. पेशंटच्या मनगटावरची पट्टीही तिच्यातूनच छापायची.

एका रविवारी दुपारी त्याने मला ती यादी दाखवली.

"बघ की मास्तर. कसं दिसायलंय हे?"

वाईट दिसत होतं. टॅबलेट अरुंद. चंद्रभागाबाई व्यंकटराव अमुक अशी नावं अर्ध्यात मोडून खालच्या ओळीवर जात होती. कुणाची एक ओळ, कुणाच्या दोन.

माझ्या हातात तेव्हा एका दिवाळी अंकाची प्रुफं होती. जादा शब्द काढून काढून हात सरावला होता. मी म्हणालो, "मधलं नाव काढ. ओळ एका दमात वाचता आली पाहिजे."

त्याने दोन बटणं दाबली. मधली नावं गेली. यादी एकदम सरळ उभी राहिली.

"आयला, लई देखणं झालं की," तो म्हणाला. "रंगारी कशाला पाहिजे? मास्तर पुरे."

मला बरं वाटलं. त्या दिवशी चहा त्याने केला.

आमच्याकडे मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं असतं. गावात आडनावं दोन-तीनच. बायकांची नावं ठरलेली, आजीचं नातीला. जन्मतारखेचं तर विचारू नये. शाळेत गेलेल्यांची एक जून, कारण गुरुजींनी ती घातली. शाळेत न गेलेल्यांची एक जानेवारी, कारण आधार काढताना वय अंदाजाने सांगितलं. दर एक जूनला महांतेश आप्पांसाठी केक घेऊन लातूरला जायचा. आप्पा म्हणायचे, "गुरुजीनं लावलेली तारीख हाय. खा तूच." हा विनोद तो दरवर्षी मला सांगायचा.

म्हणजे आम्हा दोघांना सगळं माहीत होतं.

दवाखान्याने स्क्रीन पाहिला, मंजूर केला, खाली सही केली. उद्घाटनाला महांतेशला शाल-नारळ दिला. तो नारळ आमच्या खोलीत देवळीत तसाच राहिला.

तीन वर्षं सगळं चाललं. एकही तक्रार आली नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या करीच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. पोळ्याला घर सोडून कुणी येत नाही, ते सगळे दुसऱ्या दिवशी येतात. त्या गर्दीत मुदखेडच्या पलीकडच्या एका गावाहून धोंडाबाई गव्हाणे आली. पायाची जखम चिघळून ताप चढला होता. सोबत नात, सृष्टी. ती अकरावीत शिकत होती. मोठी माणसं शेतात होती.

वॉर्डात वर्षाराणी नावाची नर्स होती. वय सव्वीस, लातूरची. दवाखान्यात जुनी, पण या वॉर्डात येऊन चारच दिवस झालेले. तिने नाव टाकलं. यादी आली.

धोंडाबाई गव्हाणे, स्त्री, ०१/०१/१९५८
धोंडाबाई गव्हाणे, स्त्री, ०१/०१/१९५८
धोंडाबाई गव्हाणे, स्त्री, ०१/०१/१९६०

तिन्ही एकाच गावच्या. वर्षाराणीने आजीला विचारलं, "मावशी, अठ्ठावन्नचा जन्म का तुमचा?" आजी म्हणाली, "असंल बाई." वर्षाराणीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

ती फाइल दुसऱ्या धोंडाबाईची होती. तिच्यात लिहिलेलं होतं की मागच्याच महिन्यात जंतुसंसर्गावरचं एक इंजेक्शन पाच वेळा दिलं, त्रास नाही. डॉक्टरांनीही तीच फाइल वाचली आणि तेच इंजेक्शन लिहिलं.

समोर खाटेवर होती ती धोंडाबाई दुसऱ्या ओळीतली. तिला याच दवाखान्यात, याच औषधाने, दोन वर्षांपूर्वी श्वास कोंडला होता. ते तिच्या फाइलीत लाल अक्षरात नोंदलेलं होतं. ती फाइल कुणी उघडली नाही.

सुई बघून आजी म्हणाली, "बाई, मला सुई सोसत न्हाई."

वर्षाराणी म्हणाली, "मावशी, सुई कुणालाच सोसत नाही."

सृष्टी हसली. आजीही थोडी हसली म्हणे. हात पुढे केला.

वीस मिनिटांनी धोंडाबाई गेली.

संध्याकाळपर्यंत गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली. वर्षाराणीला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि निलंबनाचा कागद तिथेच हातात दिला. दहा दिवसांनी चौकशी ठरली.

महांतेशला रामलिंग सरांचा फोन आला. "आपल्यात काही बग नाही ना, तेवढं बघ."

त्याने दोन दिवस एकेक ओळ तपासली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "न्हाई मास्तर. एक चूक न्हाई. भिंत ओळंब्यात हाय."

"मग जेव आता," मी म्हणालो.

तो जेवला नाही. चूक सापडल्यावर तो जेवत नसे हे मला ठाऊक होतं. चूक न सापडूनही जेवत नव्हता, हे पहिल्यांदाच बघत होतो.

चौथ्या दिवशी म्हणाला, "चल, दवाखान्यात जाऊन येऊ."

तेव्हा मला कळलं की ज्या वॉर्डासाठी त्याने हे सगळं केलं, त्या वॉर्डात तो एकदाही गेला नव्हता. शालसुद्धा खालच्या हॉलमध्ये मिळाली होती.

वॉर्डातला टॅबलेट सलाइनच्या खांबाला चिकटपट्टीने बांधलेला होता. वर प्लास्टिकची पिशवी, पाणी लागू नये म्हणून. पिशवी पांढुरकी झालेली. अक्षरं तिच्यातून अंधुक दिसायची. एक पोक्त नर्स एका हाताने सलाइन धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने, हातमोज्यासकट, नाव शोधत होती. उभ्याने. मागून दोन माणसं तिला हाका मारत होती.

महांतेश बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "सिस्टर, एकाच नावाच्या तिघी आल्या तर कसं ओळखता?"

तिने खिशातून एक लहान वही काढली. शाळेच्या पोरांची असते तशी, वर कार्टून.

"हे बघा," ती म्हणाली. वहीत हाताने लिहिलेलं होतं. धोंडाबाई, रामकिशनची, दुसरी ओळ. धोंडाबाई, मारोतीची, पहिली ओळ. अशी पानंच्या पानं.

"आम्ही सगळ्याजणी ठेवतो वही," ती म्हणाली. "तुमचा कॉम्प्युटर नाव अर्धंच सांगतो ना."

"वर्षाराणीकडं होती?"

"या वॉर्डाची, चार दिवसांत कुठून असणार?"

"सिस्टर, हे आम्हाला कामून सांगितलं न्हाई कधी?"

तिने सलाइन अडकवलं. "तुम्ही कधी आला होतात?"

मी त्या वहीकडे बघत होतो. 

खोलीवर येऊन त्याने अजून एक गोष्ट काढली. प्रोग्राम सगळ्याची नोंद ठेवत होता. कोणती फाइल कधी उघडली, कधी बंद केली. त्याने फक्त अशा फाइली वेगळ्या केल्या, ज्या उघडून दहा सेकंदांच्या आत बंद झाल्या आणि लगेच खालची किंवा वरची उघडली गेली. म्हणजे आधी चुकीचं माणूस, मग बरोबर. तीन वर्षांत अकराशे चाळीस वेळा.

"इतक्या वेळा हे लोक मला सांगून राहिले होते," तो म्हणाला. "मी चूक शोधायलो होतो. चूक न्हाई म्हणून बघितलंच न्हाई."

"मधलं नाव..." मी म्हणालो.

"हाव. तेच," तो म्हणाला आणि कागद छापायला लावले.

मी काय सांगणार होतो ते त्याने ऐकलं नाही. किंवा ऐकलं असेल.

आम्ही लातूरला गेलो. वर्षाराणी आईकडे होती. घराचा पत्ता दवाखान्यातल्या सिस्टरनी दिला होता. दारातच तिची आई शांतम्मा शेंगा फोडत बसली होती.

"कुठलं म्हणायचं? पेपरवालं?"

"न्हाई अव्वा. गंजगोलाईच्या मलशेट्ट्यांचा हाय मी. औषधाचं दुकान."

"संगप्पाचा लेक?" तिने सूप बाजूला ठेवलं. "या. आमच्या घरात आता कुणी येईना झालंय. माझ्या पोरीनं जीव घेतला म्हणायलेत."

वर्षाराणी आतून आली. महांतेशने सांगितलं की तो स्क्रीन त्याने केलाय. तिला राग येईल असं मला वाटलं. ती म्हणाली, "आहे का तुमच्याकडे? परत दाखवा मला."

त्याने मोबाइलवर ती यादी काढली. ती खूप वेळ बघत बसली. मग बोट पुढे केलं आणि पहिल्या ओळीजवळ थांबवलं.

"मी रोज आठवते," ती म्हणाली. "काय दिसलं होतं, काय नव्हतं दिसलं. वाटतं, मी बघितलं नसेल नीट." तिने मोबाइल परत दिला. "आज पण मी हेच दाबलं असतं."

"दाबलं असतं," महांतेश म्हणाला.

"तुम्ही हे तिथं सांगाल का?"

"सांगतो."

"नक्की? नाहीतर आशा नका लावू. अव्वाला झोप नाही."

"सांगतो म्हणलो ना ताई."

शांतम्माने दोन मुठी शेंगा कागदात बांधून दिल्या.

तिथून आम्ही दुकानात गेलो. आप्पा गिऱ्हाईक करत होते. गर्दी ओसरल्यावर महांतेशने वरच्या रांगेकडे बोट केलं.

"आप्पा, त्या खणाला सुतळी कामून?"

"बचनाग हाय त्यात. जहर."

"मग नाव लिहायचं की वर."

आप्पा हसले. "घाईत कोण वाचतंय? नाव वाचायच्या आधी हात खणात असतो. गाठ सोडाया लागती. तेवढ्यात हात थांबतो. हात थांबला की डोस्कं येतं मागून."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायला काय हाय त्यात." आप्पांनी तागडी पुसली. "माझ्या आज्याच्या हातून एकदा झालं होतं."

  येताना गाडीत महांतेश एवढंच बोलला. "घरात होतं रे हे. स्क्रीनसमोर बसलो की मी घरातला राहतच नव्हतो."

चौकशीच्या आदल्या दिवशी रामलिंग सरांनी त्याला बोलावलं. मी खाली टायरच्या दुकानापाशी उभा होतो. वरची खिडकी उघडी होती.

"बग हाय का?"

"न्हाई सर."

"मग कामून जायलास तिथं? तुला कुणी बोलावलंय?"

"यादी चुकीची हाय सर."

"यादी त्यांनी मंजूर केलीय. सही हाय त्यांची."

"त्यांनी खुर्चीत बसून बघितली. उभं राहून न्हाई."

"महांत्या, तू सोन्यासारखा पोरगा. त्या बाईचा जिम्मा तू कशाला घेतोस? उद्या पेपरात कंपनीचं नाव येईल. आठ घरं हायत या पगारावर."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू उद्या तिथं गेलास तर परवा इथं येऊ नको."

"हाव सर," महांतेश म्हणाला.

खाली आला तेव्हा त्याच्या हातात डबा आणि चार्जर होता.

चौकशी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता होती. लांब टेबल, पाच माणसं. अध्यक्ष एक वयस्क डॉक्टर होते. मृदू बोलायचे. वर्षाराणी समोरच्या खुर्चीत, मांडीवर हात. मला कागद धरायला म्हणून आत बसू दिलं. छापलेले कागद माझ्या मांडीवर होते.

"तुमच्या प्रोग्राममध्ये दोष होता का?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई सर. प्रोग्राम बरोबर होता. यादी दाखवायची रीत चुकली. तिघींत फरक दिसतच नव्हता."

"म्हणजे डिझाइन."

"हाव सर."

"तुम्ही डिझाइनर आहात?"

"न्हाई."

"त्याचं काही शिक्षण?"

"न्हाई."

"कंपनीत ते काम तुमच्याकडे होतं?"

महांतेश थांबला. "कुणाकडंच न्हवतं."

"मग हे मत तुम्ही कोणत्या अधिकारात देता?" त्यांनी चष्मा काढला. आवाज अजून मृदूच होता. "तुमच्या कामात डिझाइन यावं लागतं का? नाही ना? तुमचं काम प्रोग्राम. तो बरोबर होता, असं तुम्हीच म्हणता."

विष्णुपुरीच्या पोरांना तो हेच सांगायचा. त्याच शब्दांत. मला वाटतं त्यालाही तेच आठवलं. त्याच्या कपाळावरची विभूती घामाने ओली झाली होती.

"सर, मी गवंडी हाय," तो म्हणाला. "जिन्याची एक पायरी मी उंच केली. मला ती दिसली न्हाई, पण केली मीच. बाई पडली तर तिच्या पायाला कामून दोष देता?"

एक सदस्य म्हणाले, "त्या जिन्यावरून हजारो माणसं गेली की हो."

महांतेशने माझ्याकडे हात केला. मी कागद दिले. त्याने अकराशे चाळीसचा आकडा दाखवला. कोणत्या वॉर्डात, कोणत्या दिवशी, कितीदा. अध्यक्षांनी कागद खरंच नीट वाचले. पानं उलटून वाचले.

"म्हणजे अकराशे चाळीस वेळा माणसं चुकली," ते म्हणाले, "आणि सावध होऊन परत आली."

"हाव सर."

"या बाई आल्या नाहीत."

 वर्षाराणीने मांडीवरचे हात उलटे केले आणि तळव्यांकडे बघितलं.

"मधलं नाव यादीतून कुणी काढलं?" दुसऱ्या सदस्यांनी विचारलं.

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून? दवाखान्यातल्या कुणी सांगितलं होतं? कंपनीतल्या? कुणाशी चर्चा?"

माझ्या आणि त्याच्या खुर्चीत हातभर अंतर होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्याच डोक्यानं काढलं सर. मोडकं दिसत होतं म्हणून."

अध्यक्षांनी लिहून घेतलं. उरलेले कागद माझ्या मांडीवर होते. मी त्यांच्या कडा जुळवत बसलो.

निकाल महिन्याने आला. मानवी चूक. वर्षाराणीला कामावरून काढलं, तिच्या नर्सच्या नोंदणीबाबतही वर कळवलं. अहवालाच्या शेवटच्या पानावर सातवी शिफारस होती. यादीत पेशंटचे पूर्ण नाव दाखवावे. रामलिंग सरांच्या कंपनीत नवीन आलेल्या पोराने ते काम केलं. त्याने महांतेशला फोन करून विचारलं होतं, कुठे बदलायचं. महांतेशने सांगितलं. दहा मिनिटांत झालं.

महांतेश त्याच आठवड्यात लातूरला गेला. खोलीतलं त्याचं सामान एका बॅगेत मावलं. देवळीतला नारळ राहिला. तो मी नंतर विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात सोडला.

मागच्या महिन्यात मी त्याच्या दुकानात गेलो. नऊ महिन्यांनी. तो गल्ल्याशेजारी बसून पुड्या बांधत होता. दाढी वाढलेली. आप्पा थकलेले दिसले. एक बाई ओवा मागत होती.

"पूर्ण नाव सांगा," महांतेश म्हणाला.

"काय?"

"तुमचं पूर्ण नाव."

"अरे बाबा, मला पावशेर ओवा पाहिजे. सोयरीक न्हाई जमवायची."

मागच्या रांगेतले हसले. महांतेश हसला नाही, चिडलाही नाही. पेन धरून थांबून राहिला.

"सांगा हो," आप्पा म्हणाले. "त्याशिवाय पुडी सोडत न्हाई तो. बेजार केलंय मला."

बाईने नाव सांगितलं. मधलं सांगताना अडखळली, पदर नीट केला, मग हळूच सांगितलं. त्याने पुडीवर तिन्ही नावं लिहिली आणि पुडी दिली. ओव्याची पुडी. चुकली तरी काही होण्यासारखं नाही.

आप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सगळ्या खणांना गाठी मारल्या होत्या त्यानं. दोनशे खणांना. गिऱ्हाईक थांबंना. मी सोडल्या."

तेवढ्यात महांतेशचा फोन वाजला. विष्णुपुरीचं कुणीतरी पोरगं होतं. आवाज मला ऐकू येत होता. दादा, डिझाइनचं काही शिकावं का, कॅम्पस इंटरव्ह्यूला उपयोग होतो का.

"मला विचारू नको," महांतेश म्हणाला. "मी त्यातला न्हाई." आणि फोन ठेवला.

मी वाट बघितली. गिऱ्हाईक संपल्यावर म्हणालो, "महांतेश, त्या दिवशी तू माझं नाव का नाही घेतलंस?"

तो सुतळी गुंडाळत होता. "मी तुला ओळ विचारली होती. तू ओळ सांगितलीस."

"मी बोललो असतो तर?"

"न्हाई बोललास."

एवढंच म्हणाला. आवाजात काही नव्हतं. बाहेर ऑटोवाले उदगीरच्या सीटा ओरडत होते.

"खोकायलास तू," तो म्हणाला. "ज्येष्ठमध घेऊन जा."

त्याने खण उघडला, मागे न बघता. आता त्यालाही येतं ते. पुडी बांधली आणि पेन उचललं.

"पूर्ण नाव?"

मला हसू आलं. त्याच्याकडे बघितलं आणि थांबलं.

"भागवत पुयड."

तो पेन धरून बसून राहिला.

"भागवत नागोराव पुयड," मी म्हणालो.

त्याने लिहिलं. सावकाश, मधलं नाव जरा मोठं. पुडी माझ्या हातात ठेवली.

वर्षाराणीचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. ती आता घरीच असते, असं आप्पांनी सांगितलं होतं. मी गंजगोलाईत थोडा वेळ उभा राहिलो. मग पुडी खिशात टाकली आणि बसस्टँडकडे निघालो.